इको नॉर्मल, तरी धाप का? स्क्लेरोडर्मा आणि हृदयाबद्दल वाचकांचे प्रश्न

सिस्टिमिक स्क्लेरोसिस, म्हणजेच स्क्लेरोडर्मा. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, लहान रक्तवाहिन्या आकसतात आणि कातडीसारखेच आतले अवयवही चिवट, ताठर होत जातात. कातडी डोळ्यांना दिसते, म्हणून उपचार तिच्याभोवतीच फिरत राहतात. हृदय मात्र बराच काळ तक्रार करत नाही. विदर्भातून आलेल्या पत्रांपैकी हृदयासंबंधीचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : वय 46. नऊ वर्षांपासून थंडीत बोटं पांढरी, मग निळी पडतात. बोटांची कातडी ताठली आहे. नागपूरला स्क्लेरोडर्मा सांगितला, अँटी-सेंट्रोमिअर (रक्तातलं एक प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आहे. यंदा कापूस वेचताना अर्ध्या तासातच धाप लागते. टूडी इको केला. ईएफ 60 टक्के, रिपोर्ट नॉर्मल. हिमोग्लोबिन 9.1, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. अजून काही पाहावं का? (घाटंजी, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, नक्की पाहावं, आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबू नका.

ईएफ हा आकडा फक्त हृदयाच्या डाव्या पंपाबद्दल बोलतो. एका ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, एवढंच तो सांगतो. तुमच्यासारख्या रुग्णांत, म्हणजे आजार जुना, कातडी बोटांपुरतीच ताठलेली आणि अँटी-सेंट्रोमिअर पॉझिटिव्ह, काळजी असते उजव्या बाजूची. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीच्या बारीक फांद्या आतून जाड होतात, तिथला दाब वाढतो आणि उजव्या कप्प्याला जोर लावावा लागतो. याला पल्मनरी आर्टिरिअल हायपरटेन्शन म्हणतात. हाताला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं. ते अगदी 120/80 असू शकतं. स्क्लेरोडर्माच्या साधारण शंभरातल्या आठ ते बारा रुग्णांना हा त्रास होतो, आणि तेव्हाही ईएफ 60 टक्केच दिसू शकतो.

इकोचा कागद पुन्हा काढा आणि शेवटची ‘नॉर्मल’ ही ओळ सोडून मधल्या ओळी वाचा. ‘टीआर जेट’ किंवा ‘टीआर व्हेलॉसिटी’ अशी नोंद शोधा. उजव्या झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा तो वेग आहे. 2.8 मीटर प्रतिसेकंदापर्यंत ठीक, त्यापुढे संशय, 3.4 च्या पुढे दाट संशय. या वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की दाबाचा अंदाज येतो. 2.6 असेल तर सुमारे 27 मिलिमीटर पारा, 3.1 असेल तर सुमारे 38. त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा दाब मिळवून रिपोर्टमध्ये ‘आरव्हीएसपी’ लिहितात. पण तो मिळवलेला भाग अंदाजाचा असतो, म्हणून आमचा भर वेगावर. मागच्या वर्षीचा इको असेल तर दोन्ही कागद शेजारी ठेवा. 2.4 चं 2.8 झालं असेल, तर दोन्ही रिपोर्ट ‘नॉर्मल’ असूनही गोष्ट बदललेली आहे.

रिपोर्टमध्ये टीआर नाहीच असं लिहिलं असेल, तर दाब नाही असा अर्थ लावू नका. काहींमध्ये ही गळती मोजण्याइतकी दिसतच नाही. अशा वेळी उजव्या वरच्या कप्प्याचं क्षेत्रफळ (18 चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का), टॅप्से, म्हणजे उजवा खालचा कप्पा किती आकसतो त्याचं माप (17 मिलिमीटरपेक्षा कमी आहे का) आणि दोन कप्प्यांमधला पडदा चपटा झालाय का, हे पाहावं लागतं. इको सांगताना चिठ्ठीवर ‘स्क्लेरोडर्मा, उजवी बाजू आणि पीएच पाहणे’ एवढं लिहून घ्या (पीएच म्हणजे पल्मनरी हायपरटेन्शन). चिठ्ठीवर नुसतं ‘धाप’ असेल, तर तपासणारा डावी बाजू बघून मोकळा होतो.

आता रक्ताचं. 9.1 हिमोग्लोबिननं धाप लागतेच, पण ते कमी का झालं? या आजारात जठराच्या खालच्या टोकाशी बारीक रक्तवाहिन्या फुगून थेंबथेंब रक्त झिरपत राहतं. शौचाला काळं होतं का ते बघा आणि एंडोस्कोपीबद्दल विचारा. नाही तर गोळ्या चालू राहतील आणि रक्तही गळत राहील. हिमोग्लोबिन कमी हे खरं असलं, तरी तेवढ्यावर शोध थांबला की उजवी बाजू मागे पडते.

पुढची तपासणी फुप्फुसाची, आणि त्यात डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती उतरतो त्याचं माप) हवंच. नुसती फुंकर मारायची स्पायरोमेट्री पुरत नाही. डीएलसीओमध्ये ठरावीक वायू आत ओढून दहा सेकंद श्वास धरायचा असतो. एफव्हीसी (जोरात सोडलेल्या पूर्ण श्वासाचं माप) बरी आणि डीएलसीओ मात्र खूप कमी, अशी तफावत पडली (दोन्हींच्या टक्केवारीचं गुणोत्तर 1.6 च्या वर), तर दोष फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत असण्याची शक्यता वाढते. हिमोग्लोबिन कमी असलं की डीएलसीओही खोटं कमी येतं, म्हणून ताजा आकडा तंत्रज्ञाला सांगा. त्यानुसार दुरुस्ती करता येते. तोंड लहान झालं असेल तर नळीच्या कडेनं हवा निसटते आणि तपासणी फुकट जाते. लहान आकाराची नळी आधीच मागा. ही सोय प्रत्येक जिल्ह्याला नसते. नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला जाण्यापूर्वी फोन करून ‘डीएलसीओ कोणत्या वारी होतं?’ एवढं विचारलंत, तर एक हेलपाटा वाचतो.

त्याबरोबर हृदयावरचा ताण सांगणारं रक्तातलं एनटी-प्रोबीएनपी (उपाशी पोटाची गरज नाही), युरिक अ‍ॅसिड आणि ईसीजी. हे आकडे, चेहऱ्यावर-हातांवर दिसणारे लाल ठिपके आणि अँटी-सेंट्रोमिअर एकत्र मांडून, ‘डिटेक्ट’ नावाच्या पद्धतीनं, कुणाला पुढे पाठवायचं ते ठरवतात. एनटी-प्रोबीएनपी मूत्रपिंड बिघडलं तरी वाढतं, म्हणून मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन सोबत हवं.

या सगळ्यातून दाबाचा संशय उरला, तर खात्री एकाच तपासणीनं होते. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत नेऊन दाब प्रत्यक्ष मोजतात. जागा बधिर करतात, भूल देत नाहीत. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब 20 च्या वर म्हणजे वाढलेला. पूर्वी ही रेघ 25 वर होती. दाब रक्तवाहिन्यांमुळे वाढलाय, डाव्या हृदयामुळे की फुप्फुसामुळे, हेही त्याच वेळी बरंचसं कळतं, आणि औषधं त्यावर ठरतात. इकोच्या अंदाजावर महागडी गोळी सुरू करून देणाऱ्याला ‘नळीची तपासणी का नको?’ असं जरूर विचारा.

प्रश्न : घरवालीले स्क्लेरोडर्मा हाय. आशाताईनं बोटाले मशीन लावली तं ऑक्सिजन 83 दाखवला. गाडी करून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथं 97 निंघाला. खरं काय धरावं? (वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : भाऊ, मशीन बोटातल्या रक्ताच्या धडधडीवर वाचते. वहिनींच्या थंड, आकसलेल्या बोटात ती धडधडच पोहोचत नाही, म्हणून आकडा घसरतो किंवा नाचत राहतो. बोट कोमट करा, मशीनवरची उडती रेघ स्थिर झाल्यावरच आकडा धरा. तरी जमलं नाही तर कानाच्या पाळीला किंवा कपाळाला लावायचा सेन्सर मागा. सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीतही हेच सांगा. तिथं बोटाच्या मशीनवर विसंबून निष्कर्ष काढले, की माणूस उगाच ऑक्सिजनवर जातो. आशाताईंनी घाई केली त्यात चूक नाही. ओठ निळे आणि दोन वाक्यं सलग बोलता येत नाहीत अशी अवस्था असेल, तर आकडा 97 असला तरी न्यायचंच.

प्रश्न : वय 38, पुरुष. दोन वर्षांत छाती-पोटापर्यंत कातडी ताठली. मध्येच ठोका चुकतो, मग एकदम जोरात ठोका बसतो. परवा बंडीतून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. ईसीजीवर ‘आरबीबीबी, पीआर 220’ लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : नुसता आरबीबीबी, म्हणजे उजव्या वायरिंगमधला अडथळा, धडधाकट माणसातही सापडतो. पण तुमच्याकडे तीन गोष्टी जमल्या आहेत : कातडी झपाट्यानं पसरणारा आजार, वरच्या भागातही लांबलेला वेळ (तोच पीआर) आणि अंधारी. ही जुळणी सोडून देण्यासारखी नाही.

ईसीजीची पट्टी हातात घ्या. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणून एक लहान चौकट म्हणजे 40 मिलिसेकंद. ‘पी’ची छोटी टेकडी सुरू होते तिथपासून उंच सुळका सुरू होतो तिथपर्यंत पाच लहान चौकटींच्या आत अंतर हवं. तुमचं साडेपाच आहे. सुळका स्वतः तीन चौकटींपेक्षा रुंद झाला की बंडल ब्लॉक. हृदयाच्या स्नायूत जागोजागी चट्टे पडले की विजेची वाट अशी अडखळते. ते चट्टे मोठ्या धमनीच्या हद्दीप्रमाणे पडत नाहीत, इथं-तिथं विखुरलेले असतात.

तुमची पट्टी दहा सेकंदांची आहे आणि अंधारी कधीतरीच येते. तेव्हा होल्टर (अंगावर बांधायचं, ठोके सलग नोंदवणारं ईसीजी यंत्र) लावा, किमान 24 तास, जमलं तर 48. होल्टर लावून खाटेवर पडून राहू नका. वावरात जा, जिना चढा, नेहमीचं काम करा, फक्त आंघोळ नको. खिशात कागद ठेवा आणि धडधड झाली की घड्याळातली वेळ लिहा, ‘10:40, डवरणी करताना’ एवढंच. ती वेळ नसेल तर होल्टरचा निम्मा उपयोग जातो. मधेमधे वीज पूर्ण तुटताना किंवा ठोके दीर्घ थांबताना दिसले, तर पेसमेकर लागू शकतो. खालच्या कप्प्यातून सलग वेगवान ठोके दिसले, तर तो वेगळा आणि जास्त तातडीचा विषय.

रक्तात ट्रोपोनिन आणि सीपीके करा, स्नायूंना इजा झाली की ती वाढतात. मांड्या-दंडांची ताकद कमी झाली असेल, उकिडवं बसून उठताना हात टेकावा लागत असेल, तर स्नायूंची सूज असू शकते आणि तीच सूज हृदयाच्या स्नायूतही असू शकते. इथं एक खाचखळगा आहे. ट्रोपोनिन-टी हाता-पायांच्या सुजलेल्या स्नायूंमुळेही वाढलेलं दिसतं. ते वाढलं तर ट्रोपोनिन-आय वेगळं करून घ्या. ते हृदयाशी जास्त बांधलेलं आहे.

आणि औषधांची पिशवी उघडा. आम्लपित्तासाठी पॅन्टोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल इकडं जवळजवळ प्रत्येकाला असते. डॉमपेरिडोननं ईसीजीवरचं क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ, लांबतं. त्यात ताप-खोकल्याला अ‍ॅझिथ्रोमायसिन किंवा लेव्होफ्लोक्सासिन पडलं आणि जुलाबांनी पोटॅशियम घसरलं, की ठोके बिघडायला तेवढं पुरतं. क्यूटीसी (ठोक्यांच्या वेगानुसार दुरुस्त केलेलं क्यूटी) 500 मिलिसेकंदांच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आईला रोवणीच्या दिवसांत छातीत जळतं, आवळतं. अँजिओग्राफीत नसा मोकळ्या निघाल्या. बोटांच्या जखमांसाठी सिल्डेनाफिल चालू आहे. छातीत दुखलं तर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवू का? (तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : नाही. सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास आणि त्याच गटातलं टाडालाफिल घेतल्यापासून 48 तास जिभेखालची ती गोळी देऊ नका. दोन्ही मिळून बीपी असं कोसळतं, की माणूस जागेवर पडतो. शेजारी, मेडिकलवाले, अगदी डॉक्टरही छातीत दुखतंय म्हटलं की ती गोळी काढतात. म्हणून ‘सिल्डेनाफिल चालू’ असा कागद आईंच्या पिशवीत आणि घराच्या दारामागे चिकटवा. दुखणं वीस मिनिटांत थांबलं नाही तर सरळ दवाखान्यात ईसीजी.

रोवणीत कंबरेतून वाकून तास-तास काम होतं. या आजारात अन्ननलिकेचं झाकण ढिलं पडतं आणि वाकलं की आम्ल वर येतं. वाकल्यावर जळतं आणि उभं राहून पाणी प्यायल्यावर बसतं, तर बहुधा तेच. पण चढण चढताना आवळतं आणि थांबल्यावर पाच मिनिटांत जातं, तर दुखणं हृदयाचं धरा. मोठ्या नसा मोकळ्या असूनही बारीक फांद्या बोटांसारख्याच आकसतात आणि अँजिओग्राफीत त्या फांद्या दिसतच नाहीत. ताण देऊन केलेल्या एमआरआयमध्ये याचा माग लागतो. निफेडिपिन, अम्लोडिपिन यांसारखी औषधं तेव्हा कामी येतात. प्रोप्रॅनोलॉलसारखी मात्र बोटं आणखी निळी करतात.

अम्लोडिपिननं पाय सुजतात, तेही सांगून ठेवतो. दोन्ही घोटे सारखे सुजले, वजन फार वाढलं नाही आणि धाप नाही, तर गोळीची सूज असेल. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं आणि आडवं झोपवत नाही, तर सूज हृदयाची समजून तपासा.

प्रश्न : बहिणीच्या हृदयाभोवती पाणी निघालं, 8 मिलिमीटर. टीबी असेल म्हणून सहा महिन्यांचा कोर्स सुरू करायचा म्हणतात. (कारंजा लाड, जि. वाशिम)

उत्तर : आपल्याकडे हृदयाभोवती पाणी म्हटलं की टीबी आधी आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण स्क्लेरोडर्मात असं थोडं पाणी बऱ्याच जणांत असतं आणि कित्येकदा काहीच करावं लागत नाही. 10 मिलिमीटरच्या आत ते थोडं, 20 च्या वर जास्त. ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, छातीच्या एक्स-रेत काही, घरात कुणाला टीबी, यातलं काहीच नसेल तर पुराव्याशिवाय कोर्स सुरू करण्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी इको पुन्हा करून पाणी वाढतंय का ते बघणं बरं. टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन हे औषध निफेडिपिन, सिल्डेनाफिल यांचं रक्तातलं प्रमाण पार खाली आणतं. मग बोटांच्या जखमा परत फुटतात आणि कुणालाच कारण कळत नाही. टीबी सिद्ध झाला तर अर्थातच कोर्स पूर्ण घ्यायचा, बाकीच्या गोळ्यांची मात्रा बदलून.

दोन गोष्टी मात्र याच आठवड्यात बघा : बीपी-क्रिएटिनिन आणि फुप्फुसाच्या धमनीचा दाब. मूत्रपिंड बिघडताना किंवा उजवी बाजू दमताना हे पाणी वाढतं. दाब खूप असताना सुई घालून पाणी काढणं धोक्याचं ठरू शकतं, म्हणून तो निर्णय मोठ्या केंद्रातच. मानेच्या शिरा फुगल्या, बीपी खाली आलं आणि आडवं होताच गुदमरलं, तर वाट पाहू नका.

प्रश्न : हृदयाचा एमआरआय सांगितला आहे. इको असताना तो कशाला? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : इको हृदय कसं हलतं ते दाखवतो, एमआरआय ते कशाचं झालंय ते. गॅडोलिनियम (चित्र उठावदार करणारं औषध) टोचून दहा-पंधरा मिनिटांनी काढलेल्या चित्रांत चट्टे पांढरे उमटतात, आणि टी-वन, टी-टू नावाच्या मोजणीत चट्टा जुना की सूज ताजी याचा अंदाज येतो. ताजी सूज औषधानं उतरू शकते, जुना चट्टा जात नाही. म्हणून प्रश्न खर्चापेक्षा वेळेचा आहे. ट्रोपोनिन वाढलेलं, होल्टर बिघडलेलं किंवा इकोत ईएफ घटलेला असेल, तर एमआरआय करावा. सगळं ठीक असताना दरवर्षी त्याची गरज नाही.

जाण्याआधी क्रिएटिनिन करा. ईजीएफआर (क्रिएटिनिनवरून काढलेला, मूत्रपिंडाच्या गाळण्याचा आकडा) 30 च्या खाली असेल तर गॅडोलिनियमबद्दल आधी बोलून घ्या. आत पाऊणएक तास, अधूनमधून दहा-पंधरा सेकंद श्वास धरायचा. खोली गार असते, म्हणून लोकरीचे हातमोजे आणि पायमोजे न्या, धातूची चेन नसलेले. आणि अंगठी! सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी, पायातली जोडवी तिथं दाराशी ओढूनताणून काढताना कातडी सोलते आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. आठवडाभर आधी सोनाराकडे जाऊन अंगठी कापून घ्या.

प्रश्न : तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) बारा वर्षांपासून. हा स्क्लेरोडर्माच ना? (ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

उत्तर : खर्‍यातल्या सुपारीनं तोंडाच्या आतलं अस्तर पांढरं, दोरीसारखं ताठ होतं, तोंड लहान होतं, पण बोटांचं काही बिघडत नाही. स्क्लेरोडर्मात ओठांभोवती बाहेरून सुरकुत्या पडतात आणि बोटं आधी बिघडतात. दंतवैद्यांना आतून बोट फिरवून बघू द्या. दोन्ही एकत्रही असू शकतं. खरंच स्क्लेरोडर्मा निघाला तर खर्रा सोडणं हा उपचाराचाच भाग आहे, कारण तंबाखूतलं निकोटीन आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळतं. आणि उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात खाट टाकू नका. बाहेर 45 अंश असलं तरी बोटांना झोत गारच लागतो.

प्रश्न : सांधे दुखतात म्हणून गावात एक जण पुड्या देतो. चांगलं वाटतं. पण बीपी 170/100 निघालं. पूर्वी 110/70 असायचं. (आष्टी, जि. गडचिरोली)

उत्तर : पुड्या आणि बीपी हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. चांगलं वाटायला लावणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. स्क्लेरोडर्मात, विशेषतः कातडी वेगानं पसरत असताना, रोजचं 15 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन मूत्रपिंडाचा झटका आणू शकतं. त्यात बीपी एकाएकी चढतं, डोकं दुखतं, डोळ्यांना धूसर दिसतं, लघवी कमी होते आणि डावं हृदय दमून फुप्फुसात पाणी भरतं. पुडी थांबवायची आहेच, पण जुनं स्टिरॉइड एकदम तोडायचं नसतं, म्हणून ती कशी थांबवायची ते रुग्णालयातच ठरू द्या. उरलेल्या पुड्या फेकू नका, सोबत न्या. आजच क्रिएटिनिन, लघवी आणि रक्ताची तपासणी करा. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या सरकारी रुग्णालयात ‘स्क्लेरोडर्मा आहे, बीपी नवीन आहे’ हे दोन शब्द पहिल्या मिनिटाला सांगा. यावर कॅप्टोप्रिल किंवा त्याच गटातलं औषध भरती करून देतात. सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढलं तरी ते बंद करत नाहीत. दुखण्यावर डायक्लोफिनॅक घेऊ नका. रात्र झाली म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. 108 ला फोन करा.